इंगाबाईंच्या खांद्याला बसलेली बंदूक

मी इंगाबाई टोलेफसन यांची बंदूक बोलतेय. अंगाने लहानखुरी. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या एका दुकानात मला कोपऱ्यात टांगलं होतं, कारण खांद्याला टेकवायचा माझा दस्ता आखूड. ‘पोराटोरांची आहे’ म्हणत गिऱ्हाइकं पुढे जायची.

इंगाबाईंचे यजमान वारले आणि शहरातला मुलगा डॅरल हटून बसला. “आई, रानात एकटी राहायचं तर बंदूक हवी. नाहीतर सामान बांध. आमचं तळघर रिकामंच आहे.”

“बटाटे ठेव त्यात,” बाई म्हणाल्या.

पहिली बंदूक डॅरलनेच निवडली, स्वतःच्या खांद्याच्या मापाने. तारेच्या खांबाएवढी! बाईंनी बार काढला आणि त्या धक्क्याने कुंपणापलीकडे, शेजारच्या ऑर्व्हिलच्या गव्हात जाऊन बसल्या. कवळी तर पुढच्या तालुक्यात सापडली म्हणतात. मी नव्हते तिथे, पण खोटं कशाला बोलू?

“बघ, तुला नाही झेपत,” डॅरल म्हणाला.

“तुझे बूट घालून मला पळायला लावशील, आणि पडले तर माझे पाय वाईट?”

बाई दुकानात गेल्या. मला उचललं. दस्ता खांद्यात बसला, गाल अलगद माझ्यावर टेकला. इतक्या मायेने आजवर मला कुणी धरलं नव्हतं. सरावात फुटकी बादली पहिल्याच बाराला उडाली. मग पलंगाशेजारच्या कुलुपाच्या पेटीत माझा संसार थाटला.

तरीही एका दुपारी डॅरल रिकामी सुटकेस घेऊन हजर. “बादली चालून येत नाही, आई. माणूस आला तर?”

तेवढ्यात मागचं दार करकरलं. जड, अनोळखी पावलं स्वयंपाकघरात शिरली. बाईंनी डॅरलला झोपायच्या खोलीत ओढलं, कडी लावली, फोन त्याच्या हातात कोंबला. “शेरीफना लाव. पोलीस येऊ देत.” मला बाहेर काढून पलंगामागे बसल्या. नळी दाराकडे, बोट चापापासून लांब.

डॅरल कुजबुजला, “दारातूनच घाल ना गोळी!”

“पलीकडे कोण आहे, माहीत आहे तुला?” मग खणखणीत आवाजात, “कोण आहे तिकडे?”

भरल्या तोंडाने उत्तर आलं, “मी ऑर्व्हिल! इंगा, बटाट्याची पोळी चिवट झालीय गं. आणि माझे नवे बूट बघ की, केवढे वाजतात!”

आमच्याकडे दार वाजवतो तो काहीतरी विकायला आलेला परका. ओळखीचा माणूस थेट फ्रिजपाशी जातो. डॅरल शहरात राहून हे विसरला होता.

त्याने दाराची कडी काढली. “आई, बंदूक माझ्या हातात असती तर ऑर्व्हिलकाका...”

“म्हणून ती तुझ्या हातात नाही. माझ्या आहे.”

शेरीफ आले, तेही कॉफी पिऊनच गेले. संध्याकाळी डॅरलने सुटकेस रिकामीच गाडीत टाकली आणि आईला बराच वेळ मिठीत धरून ठेवलं.

मी अजून पेटीतच असते. बाई माझं तेलपाणी करतात, माझ्याशी गप्पा मारतात. ऑर्व्हिल आता फाटकापासूनच गात येतो, कळावं म्हणून. कुणीतरी त्या माणसाला दार वाजवायला शिकवा हो! चोराचं मी बघून घेईन, पण त्या आवाजापुढे माझा काही इलाज नाही.