सर्व्हरला मारलेल्या हाका

खंडेनवमीची पूजा साडेदहाला आटोपली आणि पावणेअकराला चाकणच्या त्या कारखान्यात लेबलं छापायची थांबली. लेबल नाही तर खोकं गेटबाहेर नाही, आणि गाडी बाराला सुटली नाही तर माल घेणाऱ्या कंपनीची लाइन बंद. सयाजी चिखलीहून येऊन-जाऊन दोन वर्षं कंत्राटावर संगणक सांभाळत होता. त्याला कायम करण्याचं पत्र प्लांट हेड सोपानरावांच्या टेबलावर सहीसाठी पडून होतं. त्यामुळे आजच्या दिवशी सगळ्यात घट्ट हात त्यानंच जोडले होते.

लेबलांची माहिती सर्व्हरवरून यायची, म्हणून त्यानं लेबलं छापणाऱ्या विंडोजच्या संगणकावरून सर्व्हरला पिंग मारला, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक. चारदा "वेळ संपली" असं सांगून विंडोज गप्प बसलं. मग क्वालिटीच्या शिफाच्या लिनक्सच्या संगणकावरून तोच पिंग. तिथं एक अक्षर नाही, नुसता कर्सर लुकलुकत होता.

"बघ," सोपानराव मागून म्हणाले. "विंडोज चारातच दमलं. लिनक्सची काही तक्रारच नाही. विंडोज फॉरमॅट मार."

"साहेब, विंडोज चार हाका मारून थांबतं. लिनक्स आपण थांबवेपर्यंत मारत राहतं. उत्तर त्यालाही आलेलं नाही."

"पण तक्रार करतंय का?"

शिफा खुर्चीतून वळली. "माझ्या सासूबाईसुद्धा तक्रार करत नाहीत, साहेब. परवापासून बोलतच नाहीत."

मंडपात चिटपाखरू नसताना बुवा एकच चरण आळवत राहावेत, तसं चाललं होतं लिनक्सचं. सयाजीनं कंट्रोल-सी दाबून त्याला विसावा दिला. शंभर टक्के हाका वाया, असा हिशोब लगेच पडद्यावर आला. मग त्यानं जवळच्या राउटरला हाक मारली. दोन्हीकडून ताबडतोब ओ आली. म्हणजे वेशीपर्यंत रस्ता ठीक होता, गडबड पुढं सर्व्हरच्या खोलीत होती.

खोलीत झेंडूच्या माळा, मशीनवर हळदीकुंकू आणि झगमगती लायटिंग. सर्व्हरच्या केबली जिथं एकत्र येतात त्या डब्याचा प्लग नारळाशेजारी आडवा पडला होता. त्याच्या जागी लायटिंगचा प्लग दिमाखात बसला होता.

सोपानराव नारळाकडं पाहत म्हणाले, "मघाशी पूजेनंतर लायटिंगला जागा सापडेना, म्हणून मीच..."

सयाजीनं प्लग बदलला. लेबलं सुरू झाली आणि गाडी बाराला पाच कमी असताना हलली.

राहिला रिपोर्ट. "कारणात लिही, विंडोज बिघडलं," सोपानराव टेबलावरच्या पत्राशी चाळा करत म्हणाले.

सयाजीनं एकदा त्या पत्राकडं पाहिलं. तरी त्यानं लिहिलं: 'पूजेच्या लायटिंगसाठी नेटवर्कचा प्लग काढला गेला.'

सोपानरावांनी दोनदा वाचलं. "माझं नाव नाही यात."

"रकाना कारणाचा आहे, साहेब. नावाचा रकानाच नाही."

साहेबांनी रिपोर्टवर सही केली, मग थोडं थांबून पत्रावरही केली. पत्राच्या खाली स्वतःच्या हातानं एक जबाबदारी वाढवली: पुढल्या वर्षीपासून पूजेला एक्स्टेन्शन बोर्ड सयाजीनं आणावा.