गाडीचा मान

दारूबंदीचे खटले सरकारतर्फे चालवणारा हरिहर कर्णिक त्या रविवारी स्वतःच पोलिसांच्या हाती लागला, आणि तोही बायको शेजारी बसलेली असताना. ठाण्याच्या कोर्टात ज्याचा आवाज ऐकून भल्याभल्या हातभट्टीवाल्यांना कापरे भरे, त्याच्या मोटारीला दारूचा भपकारा येत होता. आता याला काय म्हणावे!

झाले होते ते असे. हरिहरने जुनी ऑस्टिन घेतली होती आणि ती सासऱ्यांना दाखवायला तो सरोजला घेऊन कल्याणला निघाला होता. निघता निघता धाकू आला. धाकू चेंदणी कोळीवाड्यातला. लहानपणी दोघे शाळेत एका बाकावर बसले होते. पुढे हरिहर वकील झाला, धाकू होडीवर गेला, पण घरातला राबता काही तुटला नाही.

"हरिभाऊ, नवी होरी पान्यात घालताना आमी मान देताव. गारीलाबी देतंय."

"दे बाबा," हरिहर चपला शोधत म्हणाला. त्याला वाटले, नारळ फोडेल.

धाकूने नारळ फोडलाच, पण पाठोपाठ सदऱ्याखालून बाटलीही काढली. दारू टपावर, चाकांवर, आणि उरलेली पुढच्या सीटवर ओतली. हरिहर धावत बाहेर येईपर्यंत बाटली रिकामी झाली होती.

"अरे, हे काय केलंस मेल्या!"

"आता कोनाची नजर लागाची नाय," धाकू समाधानाने म्हणाला.

सरोजने ओल्या फडक्याने सीट पुसली. वाऱ्याने वास उडेल, अशी दोघांनी एकमेकांची समजूत घातली. पण इंजिन तापले तसा वास जास्तच उठला. काचा खाली केल्या, उदबत्ती लावून पाहिली, काही उपयोग नाही. दुर्गाडीच्या पुलाजवळ पोलिसांनी हात दाखवला, वास घेतला आणि दोघांना तपासणीसाठी कल्याणच्या इस्पितळात नेले.

तिथल्या डॉक्टरांनी हरिहरच्या तोंडाचा वास घेतला, बुबुळे पाहिली, फरशीवर सरळ रेषेत चालायला लावले. हरिहर चालला. पण न पिता माणूस झोकांड्या खाईल की काय, अशी भीती त्याला पहिल्यांदाच वाटली.

"प्यालेले नाहीत," डॉक्टर म्हणाले.

फौजदार ओळखीचा होता. कित्येक खटले दोघांनी मिळून जिंकलेले. त्याने हरिहरला व्हरांड्यात नेले आणि आवाज उतरवला.

"कर्णिकसाहेब, तुम्ही प्याला नाहीत, पण गाडी प्यालीय. गाडीत सांडली म्हणजे गाडीत होती. हा कायदा मीच का तुम्हाला शिकवायचा? कुणी आणली एवढं सांगा. नाव द्या आणि जेवायला जा."

हरिहर व्हरांड्यात येरझारा घालू लागला. नाव दिले तर धाकू आत जाईल. घरात म्हातारी आई, होडी किनाऱ्याला पडून राहील. नाही दिले तर नोकरी गेली, सनद गेली, गाडीही सरकारजमा. बाकावर बसलेली सरोज त्याच्याकडे पाहत होती. तिच्याकडे पाहवेना म्हणून तो भिंतीकडे पाहू लागला.

आणि नको तेव्हा त्याला कोपरीचा मोरू आठवला. गेल्याच महिन्यात मोरूकडे बाटली सापडली होती. "देवीच्या मानाची हाय, साहेब," एवढेच तो परत परत सांगत होता. तेव्हा हरिहर कोर्टात म्हणाला होता, "देवीला लागत असेल तर देवीने परवाना काढावा!" सगळे कोर्ट हसले होते. मोरू तेवढा हसला नव्हता. त्याला सजा झाली आणि हरिहरने घरी येऊन तो विनोद सरोजला पुन्हा सांगितला होता. आज त्याला त्या विनोदाची शरम वाटली.

तो सरोजजवळ गेला. "अगं, काय करू?"

"मला कशाला विचारताय?" सरोजचा आवाज चिडका होता, डोळे भरलेले. "धाकूभावजींचं नाव घेऊन घरी आलात, तर मी जेवायला वाढेन. पण मला तुमच्याशी बोलता येईल का, ते माहीत नाही."

हरिहर फौजदारासमोर जाऊन उभा राहिला. "बाटली माझी होती. लिहा."

"साहेब, अहो, सगळं घालवून बसाल!"

"लिहा म्हणतो ना!"

सासऱ्यांनी जामीन दिला. काय झाले ते मात्र त्यांना कुणी धड सांगितले नाही. संध्याकाळी नवरा-बायको गाडीशिवाय ठाण्याला परतले. ओट्यावर धाकू वाट पाहत बसला होता, हातात पापलेटांची जोडी.

"गारी कुठं हाय?"

"कल्याणला ठेवलीय. थोडं काम निघालं," हरिहर म्हणाला.

"पन वाटेत काय इघ्न नाय ना आलं?"

हरिहरने सरोजकडे पाहिले. ती पापलेटं घेऊन आत गेली.

"नाही रे."

धाकू खूश झाला. त्याने हरिहरच्या पाठीवर थाप मारली. "बघ! मी बोललू नव्हतू? मान दिला का देवी सांभालतंय. पुढल्या टायमाला मोठी बाटली आनतंय."