घरटी एक माणूस

काशीबाईने भर बैठकीत तोंड उघडलं तेव्हा बापये आधी दचकले आणि मग हसले. हसणारच की! पेणच्या खाडीकाठच्या त्या गावात बांधाच्या गोष्टी बायकांनी नुसत्या ऐकायच्या. माती मात्र डोक्यावरून त्यांनीच वाहायची, त्याचं कुणाला हसू येत नसे.

"काळूदादा, उधाणात बांध फुटून खांड पडली की तू हाळी देतोस. घरटी एक मानूस जातं. व्हय ना?"

"व्हय," काळुराम म्हणाला. तो बांधाचा कारभारी, त्याच्या शब्दावर गाव उठायचं.

"मग बाई अडली की हाळी का नाय? खांदे मिळाले नाय म्हनून माझ्या सुनंनं, मालूनं, बांधावरच जीव सोडला."

खोटं नव्हतं ते. गावाला रस्ता नव्हता. अडलेल्या बाईला झोळीत घालून बांधावरून रामवाडीच्या हायवेपर्यंत न्यायचं, तिथून मिळेल त्या गाडीने पेणचा दवाखाना. चिखलात खांदे सारखे बदलावे लागत. दोघाचौघांचं काम नव्हे ते. मालूच्या वेळी दोघंच मिळाले होते. आता काशीबाईची लेक हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. घरात बापयाचा खांदा नाही. मुलगा कान्हू रोह्याला कंपनीत, शिफ्ट सोडून येणार कसा?

"बांध गेला तर समदं गाव उपाशी," काळुराम म्हणाला. "बाळंतपन ज्याच्या त्याच्या घरचं."

"असं? मग माझ्या घरचं मानूस बांधावर येनार नाय."

"वाळीत पडशील, काशी!"

"पडंन."

घरी येताना भीती वाटली तिला, का नाही वाटणार? वाळीत पडलेल्या घराला गावात पाणीसुद्धा कोण देतं! पण दुसऱ्या दिवसापासून ती दारोदार फिरली. प्रत्येक बाईला एकच विचारलं, "उद्या तुझी पोर अडली तर?" काळुरामच्या बायकोने, गोदूबाईने, फक्त चहा दिला.

भादव्याच्या उधाणाने सकाळीच दगा दिला. भात पोटरीला आलेलं, आणि खांड पडली! काळुरामची हाळी घुमली तसं गाव घमेली, कुदळी घेऊन धावलं. ओहोटी होती तोवर खांड बुजवायची, नाहीतर पुढची भरती शेतात. त्याच वेळी हौसाला कळा सुरू झाल्या, आणि अंगावरून रक्त जाऊ लागलं.

शेजारणीला लेकीपाशी बसवून काशीबाईने घमेलं उचललं आणि थेट बांध गाठला. काळुराम खूश झाला. "आलीस ना शेवटी!"

काशीबाईने मातीचं घमेलं खांडीत रिकामं केलं. "माझ्या घरचं मानूस आलं, दादा. आता माझ्या हौसाला घरटी मानूस दे. तिचं रक्त थांबत नाय."

"आत्ता? अगो, भरती येईल! हे भरून होऊ दे."

"तवर ती ऱ्हानार नाय."

कुणी हलेना. मग गोदूबाईने घमेलं खाली आपटलं. "बापयांनी झोळी धरा. खांड आमी बायका बुजवतो." एकेक करत सगळ्या बायकांनी घमेली खाली ठेवली. "झोळी उठल्याबिगर माती उचलनार नाय!"

काळुराम शेताकडे बघत राहिला. खांडीच्या मागे पहिलं शेत त्याचंच होतं. मग त्याने कुदळ टाकली आणि असा ओरडला की पलीकडच्या मिठागरापर्यंत ऐकू गेलं, "चला रे! घरटी एक मानूस!"

झोळी बांधावरून निघाली. हौसाचं कण्हणं ऐकून काशीबाईच्या काळजाचं पाणी झालं.

"तू पोरीसंगट जा," झोळीला खांदा देत काळुराम म्हणाला.

"मी गेले तर माझ्या घरचं बांधावर कोन? आज मीच मोडलं तर उद्या कोन पाळंल?" तिने डोळे पुसले आणि माती उचलली. झोळी दिसेनाशी झाली तरी ती रडत होती, आणि वाहत होती.

भरती चढायच्या आत बायकांनी खांड बुजवली. पण खालच्या अंगाचा बांध तेवढ्यात सुटला, तिकडे हात पुरे पडले नाहीत. मग काशीबाई तशीच रामवाडीकडे पळत सुटली.

दवाखान्याच्या पायरीवर काळुराम बसला होता, दोन्ही खांदे सोलवटलेले. तिला बघताच उठला. "मुलगी झाली. हौसा शुद्धीवर हाय, बोलते हाय."

काशीबाई मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडली. मालूच्या वेळीही अशी रडली नव्हती. जरा वेळाने म्हणाली, "दादा, तुझ्या खालच्या शेतात खारं पानी भरलं. भात गेलं सगळं."

काळुरामने तोंडावरून हात फिरवला.

"गेलं तर गेलं," तो म्हणाला. "तू आधी हातपाय धू गो. अशा चिखलात नर्सबाई आत घेनार नाय तुला."