बायनाबाईचा अंगठा आणि मी

मी कैची बोलतेय, सावली गावच्या बायनाबाईची. बावीस वर्षं तिचा अंगठा माझ्या कडीत राहिला.

तिच्या नवऱ्यानं, वामनरावांनी, मला चंद्रपूरहून आणलं. पुढं ते वारले. शाळेचे गणवेश शिवून तिनं लेकीला, नंदिनीला, नर्स केलं. कापडाचे सहा-सहा थर मी एका दमात कापायची. लोक माझ्या धारेचं कौतुक करत. जोर मात्र अंगठ्याचा होता.

मागच्या वर्षी तो अंगठा मुळाशी, मनगटाजवळ, ठणकू लागला. तिच्यानं डब्याचं झाकण उघडेना. चहाचा कप निसटू लागला. ती तेल चोळायची, चिंधी आवळून बांधायची आणि पुन्हा मला उचलायची. जिवती गावात नोकरी करणाऱ्या लेकीला फोनवर सांगायची, "मी मजेत आहो."

स्वतःच्या लग्नासाठी नंदिनी घरी आली. लग्नातल्या पांढऱ्या साडीवरचं ब्लाउज आईनंच शिवायचं, हे कधीचंच ठरलेलं. बायनाबाईनं कापड पसरलं, मला उघडलं, आणि कळवळून खाली टाकलं.

नंदिनीनं तिला अंगठा मुठीत घ्यायला लावला आणि मनगट हळूच खाली वाकवलं. बायनाबाई ओरडली.

"कवापासून दुखते, माय?"

"झालं वर्ष."

"मी लोकायचे हात पाह्यतो, अन् तू मले सांगतलं नाई!" नंदिनी रडायलाच लागली. "शीर सुजली आहे इथी. दिवसभर तेच ते करून राह्यली ना तू. आता अंगठ्याले आराम दे. पट्टा बांध, शेक घे. पाण्याची गुंडी दोन्ही तळव्यांनी उचल. नाई उतरलं तर डॉक्टरले दाखवू."

ते ब्लाउज बाजारातल्या शिंप्यानं कापलं. लग्नात बायनाबाईनं पट्ट्याचा हात पदराखाली लपवला होता.

ती सांगितलेलं सगळं पाळते. कप आता निसटत नाही. मशीनही थोडी चालवते, मधेमधे हात सैल सोडून बसते. पण मला धरलं की कळ पुन्हा उठते. दुखणं वर्षभर अंगावर काढलं, त्याचं हे फळ.

काल तिनं मला शेजारच्या, शिवण शिकणाऱ्या बुधरीला दिलं. आधी माझ्या कडीला मऊ कापड गुंडाळलं.

"दोनच थर कापजो, बुधरी. अन् हात दुखला का त्याच दिवशी कैची ठेवून देजो."

"तुमी काऊन नाई ठेवली, बाई?"

बायनाबाईनं माझ्यावरून एकदा तळवा फिरवला, आणि हात मागं घेतला.