शेजारच्या भिंतीचा गिलावा

शेजारच्या कंपाउंडरने घरावर मजला चढवायला घेतला आणि मिस्त्रीच्या पोटात दुखायला लागलं. मजल्याचं दुःख नव्हतं. चाळीस वर्षं आसपासच्या निम्म्या भिंती मिस्त्रीने उभ्या केल्या होत्या, आणि दाराला दार लागून राहणाऱ्या या गृहस्थाने काम दिलं कोणाला, तर कुठल्याशा नव्या गवंड्याला! हे तोंडाने बोलायची सोय नव्हती. म्हणून तक्रार केली ती रस्त्याची.

"सामाईक बोळ तुमच्या वाळूने बुजलाय. आम्ही काय उडत जायचं?"

कंपाउंडरने संध्याकाळच्या आत वाळू हलवली. मग विटांवरून बोलणं झालं, तर विटाही गेल्या आणि चिखलावर चालायला फळ्या आल्या. मिस्त्री आणखीच चिडला. समोरचा भांडायला उभाच राहीना, तर भांडायचं कोणाशी?

शेवटी कंपाउंडर स्वतःच अडला. बाजूच्या भिंतीला बाहेरून गिलावा करायचा तर चढून काम करायची परांची मिस्त्रीच्या परसात उभी करावी लागणार होती.

"चारच दिवस, मिस्त्री."

"एक तास नाही. ज्याला काम दिलंत, त्याला म्हणावं हवेत उभा राहा."

कंपाउंडर हळूच म्हणाला, "पहिल्यांदा तुमच्याकडेच आलो होतो. वहिनी म्हणाल्या, तुम्ही आता कामं घेत नाही."

मिस्त्रीने वळून पाहिलं. बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मागच्या वर्षी शिडीवरून पडलात. जगाला सांगितलंत न्हाणीघरात पाय घसरला," ती म्हणाली. "मीच त्यांना 'नाही' म्हटलं. पुन्हा विचारलं तर पुन्हा म्हणेन."

मिस्त्रीने हातानेच 'करा काय ते' अशी खूण केली आणि तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी परांची उभी राहिली. मिस्त्री परसात खुर्ची टाकून बसला, चुका काढायला. पण नव्या गवंड्याचा हात असा काही चालत होता की मिस्त्रीचा जीव जळत गेला. थापी एकदा फिरली की पुन्हा फिरवायची गरज नाही. ओळंबा सोडला की दोरी भिंतीशी जुळलेली. असा हात मिस्त्रीचाही होता. होता, हेच तर त्याला सोसवत नव्हतं.

दुपारी गवंड्याने वरून हाक मारली. "मिस्त्री, तुम्ही जाणते. खालून बघा, बरोबर येतंय ना?"

"नाही," मिस्त्री म्हणून गेला. "उजवीकडे पोट आलंय."

आता हा ओळंबा लावेल, वाद घालेल, असं त्याला वाटलं. गवंड्याने त्यातलं काहीच केलं नाही. "तुम्ही म्हणताय म्हणजे असेल," म्हणत त्याने पट्टी उचलली आणि ओला, सुरेख बसलेला गिलावा खरवडायला सुरुवात केली. पहिलं ढेकूळ मिस्त्रीच्या पायाशी येऊन पडलं. दुसरं पडलं. मिस्त्रीने चाळीस वर्षांत वाकडी भिंत कधी खपवून घेतली नव्हती, आणि सरळ भिंत पाडली तर कधीच नव्हती.

"थांबा!" तो उठला. "पोट नव्हतं. चांगलं होतं. मी खोटं बोललो."

गवंड्याचा हात थांबला. वरच्या खिडकीत कंपाउंडर आला, दारात बायको आली. दोघांनीही ऐकलं होतं.

"मग हे निघालंय त्याचं काय करायचं?" गवंड्याने विचारलं.

मिस्त्रीने बाह्या वर सारल्या आणि घमेलं ओढलं.

"माल मी कालवून देतो," तो म्हणाला. "लावा तुम्ही."