आजोळचा सोफा

कोपरी गावात गोपीनाथ भोईरांच्या नाकाचा एके काळी मोठा दबदबा होता. मासळीवालीच्या पाटीवर नुसते वाकले तरी बोंबील आजचे की कालचे ते सांगत, आणि ती बिचारी त्यांना लांबून येताना पाहूनच पाटी झाकून घेई. कोणाचं घर बांधायला निघालं की चौकटीचं लाकूड पाहायला त्यांनाच नेत. लाकूड खरवडायचं, हुंगायचं आणि निकाल द्यायचा, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. मिठागरं गेली, शेतं गेली, तिथे टॉवर उभे राहिले, पण नाकाचा मान तेवढा शाबूत होता.

ते नाक तापाच्या साथीत गेलं. त्याच साथीत त्यांची बायको शालूही गेली, मग नाकाची चौकशी कोण करतो? परत येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली, आणि आलं नाही तेव्हा गप्प बसले. बायको गेलेल्या माणसाने वास येत नाही म्हणून रडगाणं गायचं, याची त्यांना लाज वाटली.

एकुलती एक लेक करिश्मा डोंबिवलीला दिलेली. तिचं आणि शौनकचं आपसात जमलेलं. माणसं शिकलेली, हळू बोलणारी. विहीणबाई सरोजताई निवृत्त शिक्षिका. लग्नात त्यांनी “आम्हाला काही नको” म्हणून हात जोडले होते, आणि ते हात जोडणं गोपीनाथरावांना थोबाडीत मारल्यासारखं लागलं होतं. लेकीला रिकाम्या हाताने पाठवायची म्हणजे काय? नातवाच्या बारशाला त्यांनी त्याचं उट्टं काढलं. आजोळचा मान आहे, तिथे नको म्हणायची कोणाची टाप नाही.

माजिवड्याच्या दुकानात ते करिश्माला घेऊन गेले आणि सगळ्यांत भारदस्त सोफासेट निवडला. दुकानदार म्हणाला, आत अस्सल सागवान आहे. गोपीनाथरावांनी सोफा उलटा करायला लावला. किल्लीने आतली पट्टी खरवडली, डोळे मिटून हुंगली. काहीच आलं नाही. डोळे उघडले तर लेक कौतुकाने बघत होती, आणि दुकानातली दोन गिऱ्हाइकंही.

“साग हाय,” ते म्हणाले. वजनाला चांगला जड होताच.

“पण बाबा, केवढा वास मारतोय हा!”

“नव्याचा वास गं. जाईल चार दिवसांत.”

टेम्पोला झेंडूच्या माळा लावून सोफा डोंबिवलीला गेला. त्याच्या मधोमध निजवून बाळाला निहार हे नाव ठेवलं. गोपीनाथरावांना त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं.

मग दर रविवारी ते डोंबिवलीला जाऊ लागले. विहिणीचं घर, म्हणून निघण्याआधी फोन करत. चहा येई, पोहे येत, ते ऐसपैस सोफ्यावर बसत. पहिले दोन महिने नातू मांडीवर मिळाला, नंतर मिळेनासा झाला. कधी तो वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे झोपलेला असे, कधी आजीबरोबर बागेत. निघता निघता लिफ्टपाशी एखादेवेळी त्याचं तोंड दिसायचं, तेवढंच. बाकीचे लोक चुळबुळत बसत, खिडक्या सताड उघड्या, आणि गोपीनाथराव पिशवीतला खुळखुळा तसाच परत आणत.

त्यांनी मनाशी हिशेब मांडला. पोराच्या तोंडी आपली आगरी बोली बसेल, याची या लोकांना भीती. आपलं मोठ्याने हसणं नको, आपला हात नको. करिश्मानेही सासरची री ओढावी, हे त्यांच्या काळजात रुतलं. शालू असती तर तिने एका दिवसात काय ते विचारून मोकळं केलं असतं. त्यांच्याने ते होईना. ते घरी येत आणि जेवायला बसत. तोंडात पडेल ते मातीसारखं लागे.

गावदेवीच्या जत्रेचा प्रसाद त्याच दिवशी पोचायला हवा, म्हणून एका बुधवारी ते फोन न करताच गेले. लिफ्टचं दार उघडलं आणि समोर, जिन्याच्या कोपऱ्यात, ताडपत्री गुंडाळून उभा केलेला त्यांचा सोफा दिसला. खालून पाय बाहेर आलेले. गोपीनाथरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“माझी वस्तू दाराबाहेर?” ते उघड्या दारातूनच ओरडले. “एवढा इट आला आमचा? आधी पोर लपवलात, आता—”

घरात सतरंजीवर सरोजताई निहारला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोराच्या तोंडावर प्लॅस्टिकचा मास्क होता, बाजूला वाफेचं मशीन घुरघुरत होतं, आणि त्याच्या इवल्याशा बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या.

“बसा, गोपीनाथराव,” सरोजताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, त्याचंच गोपीनाथरावांना जास्त लागलं. “त्यात साग नाही हो. लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेल्या फळ्या आहेत. त्या गोंदाचा वास घरभर. आमचे डोळे चुरचुरायचे, याची छाती भरून यायची. डॉक्टर म्हणाल्या, आधी ती वस्तू बाहेर काढा.”

“मग रविवारी...”

“रविवारी शौनक आणि शेजारचे मिळून आत ओढतात. तुम्ही गेलात की परत बाहेर. वास जाईपर्यंत मी याला घेऊन वर बसते.”

करिश्मा आतून आली, बापाला पाहून तिथेच थबकली. “मीच सांगू नका म्हटलेलं,” ती म्हणाली. “तुम्ही स्वतः हुंगून घेतलेला, बाबा. तुमचं नाक चुकलं, हे मी तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार होते? आई गेल्यावर तुमच्याकडे उरलंय काय?”

दुकानदाराने फसवलं, हे शब्द त्यांच्या जिभेवर आले होते. खोटंही नव्हतं ते. पण मास्कमागून ती घरघर चालूच होती. प्रसादाची पिशवी खाली ठेवून ते सतरंजीवर बसले.

“मना नाकच नाय, बाय,” ते म्हणाले. “तुजी आई गेली, तवाच गेलं त्ये. मना काय पण वास येत नाय.”

“मग दुकानात तुम्ही...”

“तू बघत होतीस ना.”

करिश्मा बापाच्या शेजारी बसली आणि त्यांच्या दंडाला डोकं टेकून रडली. गोपीनाथरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके महिने ज्यांचा राग राग केला, ती माणसं त्यांचा मान राखायला दर रविवारी तो सोफा ओढत होती, आणि त्या मानापायी पोराचा श्वास कोंडत होता.

मशीन थांबलं. सरोजताईंनी मास्क काढला, निहारचं तोंड पुसलं आणि त्याला आजोबांच्या मांडीवर दिलं. पोर अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत राहिलं, मग दमून त्यांच्या छातीवर कलंडलं. गोपीनाथरावांनी त्याच्या टाळूवर नाक टेकवलं, खूप खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला.

“कसला वास येतो गं याला?” त्यांनी लेकीला विचारलं. “मना सांग.”

करिश्माने वाकून मुलाचं डोकं हुंगलं.

“दुधाचा,” ती म्हणाली. मग बापापासून पुन्हा काही लपवायला नको, म्हणून म्हणाली, “आणि औषधाचा.”