घरचं रक्त

डॉक्टरांनी गणराजला बाहेर थांबायला सांगितलं, तेव्हा तो हसला. "बसतो की. माझं काम तर पुढंच हाय," म्हणाला आणि डाळिंबांची पिशवी घेऊन बाकावर टेकला.

आत त्याचा थोरला भाऊ कोंडीराम आणि वहिनी तनुजा एवढेच राहिले.

कोंडीराम चिखलीतल्या एका शेडमध्ये प्रेस मशीन चालवायचा. उन्हाळ्यात त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. काही न लागता अंगावर काळेनिळे डाग उठू लागले. जिना चढताना धाप लागायची. आपलं रक्त तयार होतं ते हाडांच्या पोकळीतल्या मगजात, आणि कोंडीरामचा मगज आटत चालला होता. दुसऱ्या कुणाच्या तरी मूळपेशी घेऊन तिथं रुजवायच्या, हाच आता उपाय उरला होता. तोवर रक्त चढवत राहायचं आणि वाट पाहायची.

दाता घरातच आहे, असं सगळे धरून चालले होते. आई गेली तेव्हा गणराज पहिलीत होता. त्याला न्हाऊ घालून शाळेत धाडलं ते कोंडीरामनंच, आणि पुढं परभणीहून आणून चाकणच्या कंपनीत चिकटवलं तेही त्यानंच. तपासणीला नमुना दिला त्या दिवशी गणराजनं तंबाखू सोडली. रोज एक डाळिंब खाऊ लागला. शिफ्टमधली पोरं चिडवायची, "गण्या, लग्नाला उभा राहायलास का काय?"

डॉक्टर सावकाश सांगू लागले. भावाच्या पेशी निम्म्या जुळत होत्या. तेवढ्यावरही भागलं असतं. पण कोंडीरामच्या रक्तात नेमक्या त्याच पेशींशी लढणाऱ्या अँटिबॉडीज सापडल्या होत्या, आणि त्याही भरपूर.

"आधी या भावाचं रक्त तुम्हाला चढवलं होतं का?"

तनुजानं नवऱ्याकडे पाहिलं.

चढवलं होतं. आजाराचं नावही कळलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. रक्तपेढीतली पिशवी घ्यायला गणराज तयारच होईना. परक्याचं कशाला, आमचा ग्रुप एकच हाय, घरचं ते घरचं, असं म्हणत त्यानं शर्टाची बाही वर केली होती. नंतर प्लेटलेट्सही त्याच्याच. गावाकडून भेटायला येणारे म्हणायचे, भाऊ असावा तर असा.

"त्या रक्तामुळं तुमच्या शरीरानं त्यांना ओळखून ठेवलंय," डॉक्टर म्हणाले. "परका म्हणून. आता त्यांच्या पेशी घातल्या तर ते त्या रुजू देणार नाही."

देशभरातल्या नोंदींत दुसरा दाता शोधू, पण मिळेलच असं सांगता येत नाही, असंही त्यांनी सांगितलं. यात कुणाचीच चूक नाही, हे मात्र ते दोनदा म्हणाले.

कोंडीराम आपल्या तळहातांकडे बघत राहिला. हात पांढरेफटक पडले होते.

"सायेब," तो म्हणाला, "हे त्याला सांगू नका."

तनुजानं पदर सावरला आणि दार उघडलं.

बाहेर गणराज उठून उभा राहिला. कोंडीराम त्याच्याशेजारी बाकावर टेकला आणि त्यालाही बसवलं.

"न्हाई जुळलं, गणू."

"आसं कसं? सख्खे भाव हावोत आपुन."

"व्हतंय कधीकधी."

गणराज बराच वेळ पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिला. वहिनीकडे पाहिलं, तर ती खिडकीबाहेर बघत होती. मग त्यानं नाक पुसलं.

"बरं, जाऊ दे. मिळंल कुनी तरी. तवर रक्त तर लागंलच ना? ते तरी माझं घ्या." आणि तो बाही वर सारू लागला.

"आता नगं. लई दिलंस तू," कोंडीराम म्हणाला.

त्यानं ती बाही हळूहळू खाली ओढली. मनगटावरचं बटण त्याच्या बोटांत नीट धरवेना. तनुजा मदतीला पुढं झाली, तिचा हात त्यानं बाजूला केला. गणराज हात तसाच पुढं धरून बसला होता, लहानपणी शाळेत जायच्या वेळी बसायचा तसा. कोंडीरामनं खाली वाकून बटण लावलं आणि बाही सारखी केली.